बऱ्हाणपूरला उतरायचं कुठे?

सुट्ट्या जवळ आल्या की मेसेज सुरू होतात. "ताई, मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरला एखादं बरं हॉटेल सांगा. पार्किंग पाहिजे, हायवेला लागून असलं तर बेस्ट." माहेर रावेरचं आणि सासर भुसावळचं, म्हणून ही चौकशी फिरून फिरून माझ्याकडेच येते. मी सगळ्यांना एकच सांगते आणि बहुतेक जण ऐकत नाहीत: हायवेवर उतरू नका. गावात उतरा. वेशीच्या आत, शनवारा दरवाजा ते गांधी चौक या पट्ट्यात, साधी खोली मिळाली तरी चालेल.

पण त्याच्या आधीचा मुद्दा. आपल्याकडची निम्मी माणसं बऱ्हाणपूरला मुक्कामच करत नाहीत. भुसावळहून गाडीने तासाभराचं अंतर, रावेरहून तर त्याहून कमी. बस्ता बांधायला जायचं, इच्छापूरला देवीचं दर्शन घ्यायचं, जमलं तर किल्ला "करायचा" आणि दिवेलागणीला घरी. म्हणजे पोचणार अकराला, निघणार चारला. या भागातलं ऊन ज्यांना माहीत आहे त्यांना वेगळं सांगायला नको. मार्चनंतर अकरा ते चार ही वेळ तापीकाठी माणसांनी बाहेर हिंडायची नाहीच. मग गाडीचा एसी लावून काचेतून भिंती बघायच्या आणि वर म्हणायचं, "काही नाही हो तिथे, सगळी पडझड." शहराचे दोन चांगले प्रहर, सकाळ आणि संध्याकाळ, तुम्ही सावदा-निंभोऱ्याच्या केळीबागांमध्ये घालवले, त्याला शहर काय करणार?

हायवेवर राहिलं तर सकाळ-संध्याकाळ मिळते, पण अर्धीच. नाश्ता साडेआठला, मग सगळ्यांच्या आंघोळी, मग गाडी काढा, मग शनवाऱ्याच्या गर्दीत ती घुसवा, मग पार्किंग शोधा. झाले दहा.

आत राहिलात तर चहा पिऊन चालत निघता. गांधी चौकातली जामा मशीद सकाळी बघावी, नमाजाची वेळ सोडून, डोकं झाकून. खानदेशचा फारुकी सुलतान राजा अली खान याने ती बांधवली. आतल्या भिंतीत अरबी लेखासोबत चक्क संस्कृत शिलालेख आहे, त्यात फारुकी घराण्याची वंशावळ आणि हिंदू पंचांगानुसार बांधकामाची मिती. १६०१ मध्ये फारुकींचा असीरगड किल्ला घेतल्यावर अकबराने इथे आपलाही लेख कोरवून घेतला. म्हणजे खानदेशची सल्तनत उभी असतानाची भाषा आणि ती संपल्याची नोंद, दोन्ही एकाच इमारतीत. शाळेत आम्ही मुलांना खानदेशचा इतिहास शिकवतो तो थाळनेरपासून, म्हणजे फारुकींच्या पहिल्या राजधानीपासून, सुरू होतो आणि मग एकदम इंग्रजांवर येतो. मधली दोनशे वर्षं राजधानी कुठे होती? इथे. पुढे इंग्रजांनी खानदेश मुंबई इलाख्यात ठेवला आणि बऱ्हाणपूर मध्य प्रांतातल्या निमाड जिल्ह्यात टाकलं, तेव्हापासून ते आपल्याला परराज्य वाटायला लागलं.

तिथून रिक्षा करून नाहीतर पायी शाही किल्ला. खाली तापी, राजघाट. हमामाच्या छतावरची रंगीत नक्षी अजून शाबूत आहे, मान दुखेपर्यंत बघावी अशी. गाइड त्यात ताजमहालाचा मूळ नकाशा दाखवतो. ऐकून घ्यायचं, मान डोलवायची. खरी गोष्ट त्याच्या गोष्टीपेक्षा जड आहे: जून १६३१ मध्ये मुमताज महल बाळंतपणात याच शहरात गेली आणि नदीपलीकडे जैनाबादला, आहुखान्यात, म्हणजे हरणांच्या बागेत, तिला पुरलं. डिसेंबरात देह आग्र्याकडे नेला. किल्ल्याच्या सज्जातून तो पलीकडचा काठ दिसतो. सकाळी ऊन चढायच्या आत तिथे तासभर बसता आलं पाहिजे, आणि ते जवळ राहणाऱ्यालाच जमतं.

या शहरात वेशीच्या आत की बाहेर हा प्रश्न आजचा नाही. जुन्या बऱ्हाणपूरच्या तटाभोवती पुरे होते, व्यापाऱ्यांच्या श्रीमंत वस्त्या. १६८१ च्या सुरुवातीला संभाजी महाराजांची फौज इथे आली, तेव्हा लुटले गेले ते बहादूरपुरा आणि त्याच्यासोबतचे सतरा पुरे. तीन दिवस लूट चालली. आतल्यांनी दरवाजे लावून घेतले आणि तटावरून धूर बघितला. म्हणजे बऱ्हाणपूरला बाहेर उतरणं साडेतीनशे वर्षांपासून धोक्याचं आहे! (गंमत केली. हायवेवरच्या हॉटेलवाल्यांनी राग मानू नये.)

आता न बोलता मनात ठेवलेला मुद्दा. "आत सगळा मोहल्ला आहे ना ताई, फॅमिलीला घेऊन..." हे वाक्य मला अर्धंच ऐकवलं जातं, पुढचं मी समजून घ्यायचं असतं. मी बाई माणूस आहे, मुलीला घेऊन तिथे राहिले आहे, रात्री जेवून पायी परत आले आहे. शनवारा, इतवारा, बुधवारा, एकाला लागून एक वस्त्या आहेत, त्यात मुसलमान आहेत, गुजराती आहेत, मराठी आहेत, आणि दुकानदार तुमचं तोंड बघून सरळ मराठीत सुरू होतो. तुम्हाला गल्ली अरुंद वाटली, गोंगाट नको असला, तर तसं सांगा, ते मान्य. पण भीतीला पार्किंगचं नाव देऊ नका.

गोंगाट मात्र खरा आहे. काही गल्ल्यांत रात्रीही पॉवरलूम चालू असतात, आणि तो खटखटाट ज्याला सवय नाही त्याला झोपू देत नाही. खोली घेताना आधी विचारा, शेजारी माग आहेत का? असतील तर मागच्या बाजूची खोली मागा.

आणि रात्रीचं खाणं आतच. मावा जलेबी, काळपट, जाड, गरम. रमजानात आलात तर उशिरापर्यंत रस्ते जागे असतात. दराबा ही इथली मिठाई घरी न्यायला घ्या, पण तो सकाळी, घाई नसताना.

स्टेशनकडचा लालबाग हा तिसरा पर्याय. गावापासून तीनेक किलोमीटर लांब. रेल्वेने आलात, पहाटेची गाडी पकडायची आहे, तर ठीक. त्याचा एक खरा फायदा म्हणजे कुंडी भंडारा जवळ पडतो. १६१५ च्या सुमाराची, मुघल सरदार खानखाना अब्दुल रहीमच्या काळातली पाणीयोजना. सातपुड्यातून तापीकडे जमिनीखालून झिरपणारं पाणी बोगद्यात अडवायचं आणि नुसत्या उताराने शहरात आणायचं, वर हवेसाठी शंभरावर कुंड्या. पंप नाही, रहाट नाही. दरवर्षी मेमध्ये टँकरची वाट बघणाऱ्या आपल्या गावांतल्या लोकांनी तरी ते बघावंच. पण त्यासाठी तिथे राहायची गरज नाही, रिक्षा जाते.

हायवे कुणासाठी? ज्यांच्या घरात गुडघ्यांचं दुखणं आहे, लिफ्ट लागते, सोबत सतरा माणसांची टेम्पो ट्रॅव्हलर आहे, त्यांनी खुशाल तिकडे उतरावं. माझी आत्या आली तेव्हा मीच तिला तिकडे ठेवलं होतं. बोहरा मंडळींचा प्रश्नच नाही, दर्गा-ए-हकीमी या त्यांच्या तीर्थस्थानी त्यांची इतकी छान सोय आहे की बघून हेवा वाटतो.

बाकी तरुण जोडपी, मित्रमंडळी, चालू शकणारी माणसं, तुम्ही कशाला बाहेर झोपता?

दोन रात्री काढा. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी घेऊन असीरगड, खंडव्याच्या रस्त्याला वीसेक किलोमीटर. परतल्यावर उन्हं कलली की बोहरडा, तापी-मोहनेच्या संगमावर मिर्झाराजे जयसिंगांची छत्री. पुरंदरचा तह ज्याने आपल्यावर लादला तो माणूस दोनच वर्षांनी, १६६७ मध्ये, इथे बऱ्हाणपूरला मेला हे आपल्यातल्या कितीजणांना माहीत आहे? आणि खोलीसाठी फोन करताना दोनच गोष्टी विचारा: गाडी कुठे लावायची, आणि शेजारी माग आहेत का. पार्किंग नसेल तर गाडी रावेरला पाहुण्यांकडे ठेवा आणि रेल्वेने या. पाहुणे नसतील तर मला इनबॉक्स करा, माहेरचं अंगण मोठं आहे.