वेस्टमोरलंडचा सातबारा

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या जमिनीवरून जुंपली आहे. धाकट्या चुलतबहिणीनं हक्कसोडपत्रावर सही करायला नकार दिला, एवढंच निमित्त. त्यात एका काकांनी मलाही ओढलं. म्हणाले, ‘तुमच्या इंग्लंडात बायका स्वतःच्या नावानं किल्ले नि जहागिऱ्या सांभाळत आल्या, पण त्यांची घरं मोडली नाहीत. आमच्या पोरी चार गुंठ्यांसाठी माहेर तोडायला निघाल्यात.’

जहागिऱ्या सांभाळत होत्या, हे खरं. मी लीड्सला राहते. इथून रेल्वेनं पाऊणएक तासावर स्किप्टन आहे, आणि पाहुणे आले की तिथला किल्ला दाखवायला न्यावंच लागतं. लेडी अ‍ॅन क्लिफर्डचा हा किल्ला. १५९० साली ती इथंच जन्मली. उरलं घर न मोडण्याचं, तर काकांनी तिची रोजनिशी वाचावी.

तिचे वडील जॉर्ज क्लिफर्ड म्हणजे कंबरलंडचे अर्ल, बडे सरदार. १६०५ मध्ये ते वारले तेव्हा अ‍ॅन पंधरा वर्षांची होती आणि दोन्ही भाऊ लहानपणीच गेलेले. तरी वडिलांनी मृत्युपत्रात जमीनजुमला आपल्या भावाच्या नावे केला आणि मुलीच्या वाट्याला १५ हजार पौंड ठेवले. रक्कम त्या काळी डोळे दिपवणारी असेल, पण ‘तुझं लग्नात दिलंय की’ याचाच हा थाटामाटाचा अवतार. अडचण अशी होती की दुसऱ्या एडवर्ड राजाच्या काळापासून एक जुना दस्त होता. त्याप्रमाणे ही जमीन थेट वंशजाकडेच जायची, मग तो मुलगा असो की मुलगी. अ‍ॅनच्या आईनं, मार्गारेटनं, जुनी दफ्तरं उपसून कागद गोळा केले आणि दिराविरुद्ध दावा लावला.

इथून पुढची गोष्ट सहीची आहे. अ‍ॅनचा नवरा, डॉर्सेटचा अर्ल, उधळ्या. त्याला जमिनीपेक्षा रोख हवी होती. बायकोनं तडजोडीवर सही केली की चुलतसासऱ्याकडून पैसे मोकळे होणार. फेब्रुवारी १६१६ मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपनं, म्हणजे देशाच्या मुख्य धर्मगुरूनं, तिला बाजूला घेऊन दीड तास समजावलं. ती बधली नाही. मे महिन्यात नवऱ्यानं निरोप धाडून दोन वर्षंही पुरी न झालेली मुलगी तिच्यापासून दूर नेली. त्याच महिन्यात आई वारली. जानेवारी १६१७ मध्ये खुद्द जेम्स राजासमोर उभं केलं, तेव्हा सगळे ‘महाराज म्हणतील तसं’ म्हणून मोकळे झाले. ही म्हणाली, मी जिवंत आहे तोवर वेस्टमोरलंड, म्हणजे उत्तरेकडची आमची जहागीर, सोडणार नाही. मार्चमध्ये राजानं निवाडा चुलत्याच्या बाजूनं दिला आणि भरपाई नवऱ्याला. बाईसाहेबांनी त्या निवाड्यावरही सही केली नाही.

आर्चबिशपच्या जागी थोरले मामा ठेवा, राजाच्या जागी गावातलं एखादं वजनदार माणूस, आणि मुलगी नेण्याच्या जागी ‘मग राखी बांधायला येऊ नकोस’. आपल्याकडच्या कुठल्याही बहिणीला हे ओळखीचं वाटेल.

शेवटी जमीन मिळाली, पण न्यायालयामुळे नव्हे. चुलता १६४१ मध्ये गेला, त्याचा मुलगा १६४३ मध्ये, मागे मुलगा न ठेवता. पुरुष वारस संपले म्हणून जमीन आली! तेव्हा ती त्रेपन्न वर्षांची होती आणि देशात यादवी चालू होती. १६४९ मध्ये ती उत्तरेला जाऊ शकली. मग मात्र तिनं कसर भरून काढली. स्किप्टन, अ‍ॅपलबी, ब्रूम, ब्रफ, पेंड्रॅगन हे पडझड झालेले किल्ले दुरुस्त केले आणि वेस्टमोरलंडचं वंशपरंपरागत शेरीफपद, म्हणजे तिथल्या राजाच्या अधिकाऱ्याचं पद, स्वतः चालवलं. स्किप्टनच्या आतल्या चौकात यू जातीचं जे झाड आहे ते तिनं १६५९ मध्ये लावलं असं सांगतात. ब्रूमजवळ रस्त्याकडेला सूर्यघड्याळं बसवलेला एक खांब आहे, आईचा शेवटचा निरोप घेतला त्या जागी तिनं १६५६ मध्ये उभारलेला. दरवर्षी २ एप्रिलला तिथं गरिबांना चार पौंड वाटावेत अशी तिनं तजवीज केली.

म्हणून ती देवी होती असं समजू नका. खंडाच्या वसुलीसाठी तिनं कुळांना वर्षानुवर्षं कोर्टात खेचलं. डॉर्सेटनंतर तिनं दुसरं लग्न केलं; दोन्ही नवरे अर्ल, त्यामुळे पोटापाण्याची ददात कधीच नव्हती. हे मुद्दाम सांगते, कारण आमच्या ग्रुपवर बहिणीला पहिला प्रश्न हाच आला: ‘तुला गरज काय? जावई इंजिनियर आहेत.’ दुसरा, ‘तुझा स्वभावच हावरट.’ भावांपैकी एक पुण्यात फ्लॅट घेऊन बसलाय, दुसरा अबूधाबीत, शेत बटाईनं दिलेलं. त्यांची गरज आणि त्यांचा स्वभाव कुणी तपासला नाही. हक्काला गरजेचा दाखला फक्त बहिणीकडूनच मागतात.

आणि इंग्लंडचे गोडवे तरी किती गायचे? २०१३ च्या कायद्यानं राजगादीपुरता मुलगा-मुलगी भेद गेला. सरदारकीच्या बहुतेक पदव्या अजूनही मुलाकडेच जातात, थोरली बहीण असली तरी. आपले शेवटचे व्हाइसरॉय माउंटबॅटन यांची अर्लची पदवी १९७९ मध्ये मुलीला मिळाली, ती पदवी देतानाच तशी खास तरतूद होती म्हणून. साध्या घरातला बाप तर मृत्युपत्रात कमावत्या लेकीला सरळ वगळू शकतो. ती वडिलोपार्जित म्हणून जन्मानं काही मागू शकत नाही.

आपल्या कायद्यानं ते दिलंय. महाराष्ट्रानं १९९४ मध्येच एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क दिला, फक्त आधी लग्न झालेल्यांना वगळून. २००५ मध्ये केंद्राचा कायदा आला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा हक्क जन्मानंच मिळतो हे पक्कं केलं. कागदावर आमची बहीण अ‍ॅन क्लिफर्डच्या कितीतरी पुढे आहे. तरी सातबाऱ्यावरून तिचं नाव उतरतं ते तिच्याच सहीनं. सरकार महिन्याला पंधराशे देऊन बहिणीला लाडकी म्हणतं. लाखांची जमीन ती एका दुपारी सोडून येते, त्याची नोंद कुठल्या योजनेत नाही. इथं परदेशात असणाऱ्यांना तर कागद कुरियरनं येतो, वकिलातीत सही करून परत पाठवायचा, सोबत ‘घाई आहे’ असा मेसेज.

कायदा आणखी कडक करून फार काही होईल असं मला वाटत नाही. पण दोन साध्या गोष्टी करता येतील. सोडलेल्या हिश्श्याचा आजचा बाजारभाव हक्कसोडपत्रात आकड्यात आणि अक्षरात लिहिणं सक्तीचं करावं. आणि दुय्यम निबंधकानं सहीआधी बहिणीला एकटीला आत बोलवावं, भावांना बाहेरच्या बाकावर बसवून. पाच मिनिटं पुरतील.