पत्ता कुठून आणायचा?

पुन्हा तेच! भाऊजी ब्रिटिश लष्करात आहेत. बदलीचा हुकूम आला की ताईच्या पोटात गोळा येतो. सामान बांधायची तिला सवय झालीय. धास्ती असते ती नव्या ठिकाणच्या कौन्सिलची, म्हणजे तिथल्या नगरपालिकेसारख्या स्थानिक कारभाराची. याही वेळी भाच्याचा शाळेचा अर्ज परत आला. ‘स्थानिक पत्त्याचा पुरावा जोडा.’ अहो, क्वार्टर मिळायचंय अजून! पुरावा आणायचा कुठून?

इंग्लंडच्या शाळाप्रवेश संहितेत स्वच्छ लिहिलंय: कुटुंब अजून त्या भागात राहत नाही, एवढ्या कारणावरून सैनिकाच्या मुलाला जागा नाकारायची नाही. बदलीचं अधिकृत पत्र पुरतं, युनिटचा पत्ताही चालतो. हे खिडकीपलीकडच्या माणसाला माहीत नको? ताईने दर वेळी नियम छापून न्यायचा आणि त्यालाच शिकवायचा!

सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांवर नोकरीमुळे अन्याय होऊ देणार नाही, असं वचन म्हणजे ‘आर्म्ड फोर्सेस कव्हेनंट’. त्यावर कौन्सिल सही करतात, झेंडा लावतात, फोटो काढतात. नोव्हेंबर २०२२ पासून तर शिक्षण, घर आणि आरोग्यसेवा या बाबतींत सैनिक, माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांचा विचार करणं कायद्यानेच बंधनकारक आहे. मग अर्जावर ‘तुम्ही किंवा घरातलं कोणी सैन्यात आहे किंवा होतं का?’ एवढा एक प्रश्न का नसतो? तो पहिल्याच पानावर विचारला तर अर्ज सरळ योग्य टेबलावर जाईल.

सैन्यातून सुटून कौन्सिलकडे घर मागायला आलेल्या माणसाला ‘तुमचा या गावाशी संबंध काय’ विचारतात तेव्हा तर माझं डोकंच फिरतं. देशाने पाठवलं तिथे तो राहिला. गाव निवडायची मुभा त्याला होती कधी?

भाचा आज तिसरा आठवडा घरी बसून आहे.