कोर्टाची पायरी न चढताही

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' हे इतक्यांदा ऐकलंय, की कायदा म्हटलं की वकील आणि तारखाच आठवतात. पण सकाळी डोकेदुखीची गोळी तोंडात टाकताना वाटलं, ही कोणी बनवली ठाऊक नाही, आत काय आहे ते तपासलेलं नाही. तरी बिनधास्त गिळली. हा भरवसा आला कुठून?

त्याच्या मुळाशी एक गोगलगाय आहे. १९२८ साली स्कॉटलंडमधल्या पेझली गावात मे डोनाह्यू ही बाई मैत्रिणीबरोबर कॅफेत गेली. मैत्रिणीने तिला जिंजर बिअर घेऊन दिली. बाटली गडद काचेची. थोडी प्यायल्यावर उरलेली ओतली, तर कुजलेली गोगलगाय बाहेर पडली, असं तिचं म्हणणं. ती आजारी पडली. पण पैसे मैत्रिणीचे, म्हणजे हिचा करार कुणाशीच नाही. मग दाद मागायची कुणाकडे? प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९३२ मध्ये तिथे ठरलं की करार नसला तरी माल वापरणाऱ्याची काळजी घेणं हे बनवणाऱ्याचं कर्तव्य आहे. तीन विरुद्ध दोन! एक न्यायमूर्ती पलीकडे गेले असते तर? (बाटलीत खरंच गोगलगाय होती का, हे मात्र कधी सिद्धच झालं नाही. पुढे तडजोड झाली.)

कायदा नेहमी शहाणाच असतो असं नाही. इंग्लंडने १६९६ साली खिडक्यांवर कर बसवला, लोकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या. कर १८५१ मध्ये गेला, काही बुजलेल्या खिडक्या अजून तशाच आहेत.

'आधी माणसं बदला, मग कायदे करा' हे मात्र मला अर्धंच पटतं. स्वीडनमध्ये गाड्या डावीकडून चालत. उजवीकडून चालवायच्या का, असं १९५५ मध्ये विचारलं तेव्हा सुमारे ८३ टक्के लोक 'नाही' म्हणाले. तरी संसदेने ठरवलं, आणि ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे पाच वाजता अख्ख्या देशाने बाजू बदलली. माणसं बदलेपर्यंत थांबले असते, तर अजून थांबलेलेच असते.

माझंच बघा ना. सीटबेल्टची सक्ती झाली तेव्हा मी जाम कुरकुरलो होतो. परवा उभ्या गाडीत फक्त फोनवर बोलायला बसलो. बोलणं झालं, उतरायला गेलो, तर उतरता येईना. पट्टा लावलेला होता.