पानं जाळू नका, पोत्यात भरा

सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा खताच्या मशीनचं कोटेशन फिरतंय. किंमत लाखांत, आणि खाली ठळक अक्षरांत 'चोवीस तासांत खत'. माझा विरोध आत्ताच नोंदवून ठेवतो. चोवीस तासांत अन्न तापवून, दळून वाळवता येतं. खत होत नाही. तो भुगा कुंडीत टाकून दोनदा पाणी घातलं की फुगतो, आंबतो आणि वास मारतो. कुजवायचं काम जंतूंचं, त्यांना वेळ लागणारच.

आणि आपलं घोडं मशीनपाशी अडलेलंच नाही, ते अडलंय सुक्या पाल्यापाशी. जंतूंना साधारण तीस भाग कार्बनमागे एक भाग नायट्रोजन लागतो. भाजीची देठं, सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या काड्या यांत नायट्रोजन भरपूर आणि पाणी त्याहून भरपूर. नुसतं तेवढंच टाकीत भरलं की तळाशी रस साचतो, हवा खेळत नाही आणि नाल्यासारखी घाण सुटते. मग ठरलेलं वाक्य येतं, "काहून हो भाऊ, आपल्या इथं नाही जमत हे." जमतं. कार्बन असतो तो वाळलेल्या पानांत. बादलीभर ओल्यावर दीड-दोन बादल्या वाळलेली पानं टाकून पाहा.

आता पानांचा नागपुरात काय तुटवडा? सिव्हिल लाइन्स, सेमिनरी हिल्स, धरमपेठ, कुठंही जा. शिवरात्र उलटली की कडुनिंब, पिंपळ रस्ते भरून टाकतात. आणि आपण काय करतो, तर सकाळी सकाळी कोपऱ्यावर ढीग करून काडी लावतो. घनकचरा नियमांनुसार उघड्यावर कचरा जाळायला मनाई आहे, तरी धूर निघतोच. आमच्या ओळीत झाडणाऱ्या ताईंना म्हटलं, जाळू नका हो. त्या म्हणाल्या, "मग नेऊ कुठं भाऊ? गाडीवाला पानं घेत नाही." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांना दोष देणं सोपं आहे, पण पानं ठेवायला कोपरा आपणच दिलेला नाही.

खरं तर विदर्भाला हे बाहेरून शिकायची गरज नाही. पुसदच्या नाडेपकाका पांढरीपांडेंनी जी पद्धत बसवली, ती नाडेप म्हणून देशभर गेली. विटांचं टाकं, साधारण दहा बाय सहा फूट, तीन फूट उंच, भिंतींत हवेसाठी मुद्दाम सोडलेली भोकं. काडीकचऱ्याचा थर, त्यावर शेणकाला, त्यावर माती, असं रचत जायचं आणि वरून लिंपून टाकायचं. तीन-चार महिन्यांत खत. वीज नाही, कोटेशन नाही.

सोसायटीत एवढं मोठं टाकं लागत नाही, लहान जोड-टाक्या पुरतात. एक भरेपर्यंत दुसरी पिकते. काम चाललंय की नाही ते पाहायला मधोमध एक लोखंडी सळई खुपसून ठेवायची. थोड्या वेळानं ओढून हात लावला आणि चटका बसला, तर आत पन्नास-साठ अंश आहेत, बिनघोर राहा. थंड लागली तर ढीग उलथायचा. राखाडी, जाड अळ्या दिसल्या की आमच्याकडे आरडाओरडा होतो, पण बहुतेक वेळा त्या काळ्या सोल्जर माशीच्या असतात. कचरा खातात, माणसाच्या वाट्याला जात नाहीत.

संत्र्याची सालं चालतात, फक्त बारीक फाडून, आणि सगळी एकाच दिवशी ओतायची नाहीत. गांडुळांच्या टाकीत मात्र नको, त्यांना ती मानवत नाहीत. मे महिन्यात अडचण उलटी होते. आपल्या उन्हात ढीग खडखडीत वाळतो आणि जंतू गपगार पडतात. वर ओलं गोणपाट टाकायचं, भाजी धुतलेलं पाणी शिंपडायचं.

हे नको असेल तर तोच ओला कचरा भांडेवाडीच्या कचरा डेपोला जातो. तिथं हवेविना दडपून सडला की मिथेन होतो, आणि उन्हाळ्यात डेपोला आग लागली की पूर्व नागपूर खोकतं. पश्चिमेकडच्या आपल्या फ्लॅटमधून ते दिसत नाही, एवढंच.

तर मशीनचा ठराव येत्या मीटिंगला बाजूला ठेवावा असं मी लेखी देतोय. त्याऐवजी पार्किंगमागची मोकळी जागा पानांसाठी द्या. पाला फाल्गुन-चैत्रात पडतो, पण त्याची खरी गरज पावसाळ्यात लागते, म्हणून आत्ताच भरून ठेवायचा. ज्यांच्याकडे रिकामी पोती असतील त्यांनी खाली कमेंटमध्ये कळवा. कांद्याची जाळीची सगळ्यात बरी, हवा लागते. सिमेंटची नकोत. रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत गेटपाशी या, खराटा माझ्याकडे आहे.