मेश जरा बारीक करा की!

कोल्हापूरची शिरोली एमआयडीसी असो वा गोकुळ शिरगाव, फौंड्रीत कास्टिंग (साच्यात ओतलेला धातू) गोठण्याचं सिम्युलेशन पडद्यावर लावलं की मागं उभा असलेला कुणीतरी हमखास म्हणतो, "सायेब, चौकोन लई ढोबळ दिसत्यात. मेश जरा बारीक करा की." बोलणारा चहाला निघून जातो, भोगायचं मी आणि माझ्या कॉम्प्युटरनं.

मेश म्हणजे हिशेबासाठी कास्टिंगचे पाडलेले छोटे छोटे घन. या 'जरा'चा हिशेब बघा. 5 मिमीची मेश 1 मिमी केली की घन 125 पट होतात. एवढं सगळ्यांना कळतं. खरी मेख टाइम स्टेपमध्ये आहे, म्हणजे एका पावलात हिशेब किती वेळ पुढं न्यायचा त्यात. साध्या एक्स्प्लिसिट पद्धतीत (पुढचं तापमान थेट आत्ताच्या तापमानांवरून काढायचं) मेशच्या मापाचा वर्ग करायचा, त्याला धातूच्या उष्णता-विसरणांकाच्या (उष्णता किती झपाट्यानं पसरते तो आकडा) सहापटीनं भागायचं. स्टेप त्याच्या आत हवी. ग्रे आयर्न या ओतीव लोखंडाला तो सेकंदाला 12 चौरस मिमी धरलं, तर 5 मिमीला 0.34 सेकंद चालतो, 1 मिमीला जेमतेम 0.013. म्हणजे पावलंही 25 पट. 125 गुणिले 25, झाले 3125. मिनिटाचं काम 52 तासांवर गेलं, आणि मधे लाईट जाणार नाही असं धरून!

"मग स्टेप मोठी ठेवा की." ठेवतो. शेजारशेजारचे घन आळीपाळीनं तापतात-गारठतात, दर पावलाला जास्तच. 1380 अंशांना ओतलेलं लोखंड उणे 4000 वर जातं. निसर्गानं उणे 273.15 ला दार लावलंय, पण पडद्यावर नुसता निळा रंग दिसतो आणि लोक खूश : गार झालं! आकडा 10 च्या 308 व्या घातापलीकडं गेला की इन्फिनिटी, तिच्यातून इन्फिनिटी वजा केली की नॅन, म्हणजे 'हा आकडाच नव्हे'. नॅनला कमी-जास्त काहीही विचारा, 'गोठायच्या 1150 पेक्षा जास्त आहेस का?' उत्तर 'नाही'. त्यामुळं 'जास्त आहे तोवर चालव' असा लूप शांतपणे थांबतो आणि कास्टिंग गोठल्याचं जाहीर करतो.

1947 ची क्रँक-निकल्सन पद्धत अशी फुटत नाही, पण प्रत्येक पावलाला समीकरणांचा गठ्ठा सोडवावा लागतो. फक्त रायझरच्या (गोठताना कास्टिंगला जादा धातू पुरवणाऱ्या कप्प्याच्या) मानेपाशी मेश बारीक करावी, तर एक्स्प्लिसिटमध्ये सगळ्यात लहान घनाचंच पाऊल अख्ख्या कास्टिंगला लागू.

मी मेश एकदाच अर्धी करतो. काम 32 पट वाढतं; गोठायचा वेळ फारसा हलला नाही, तर तिथंच थांबतो. आणि रंग स्मूद करायचं बटण दाबतो. आकडे तेच राहतात, चौकोन जातात.

"आता कसं झ्याक दिसतंय!"