फॉरवर्ड पासचा जन्म १९१३ चा नव्हे

अमेरिकन कॉलेज फुटबॉलची एक गोष्ट वर्षानुवर्षं फिरते आहे. १ नोव्हेंबर १९१३ ला नोटर डेम या कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या कॉलेजनं वेस्ट पॉइंटला जाऊन आर्मीला, म्हणजे तिथल्या लष्करी अकादमीच्या संघाला, ३५–१३ असं लोळवलं, आणि गस डोराइस व नूट रॉकनी या जोडीनं त्या दिवशी फॉरवर्ड पास, म्हणजे चेंडू हातानं पुढे फेकायचा डाव, शोधून काढला. स्कोअर खरा आहे. बाकीचं खोडून काढायलाच हवं.

एक तर 'शोध'. १९०५ च्या हंगामात मैदानावर मुलं दगावली, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना लक्ष घालावं लागलं, नियम बदलले. पास १९०६ पासूनच कायदेशीर आहे.

दुसरं, 'आधी कुणी वापरलाच नव्हता'. सेंट लुईस युनिव्हर्सिटीचा १९०६ चा संघ असा पुसला जातो, याचं मला फार वाईट वाटतं. प्रशिक्षक एडी कोचेम्स त्या उन्हाळ्यात पोरांना विस्कॉन्सिनमधल्या लेक ब्यूलाला घेऊन गेले. तेव्हाचा चेंडू चांगलाच फुगीर, हातात नीट धरता न येणारा. कोचेम्सनी सांगितलं, टोकाजवळ चेंडू निमुळता होतो तिथं नाडीच्या दोन टाक्यांमध्ये बोटं ठेवा आणि मनगटाला पीळ देऊन फेका. ब्रॅडबरी रॉबिन्सनला ते साधलं. ५ सप्टेंबरला कॅरल कॉलेजविरुद्ध त्याचा पहिला पास कुणालाच झेलता आला नाही, आणि तेव्हाच्या नियमानं चेंडू सरळ समोरच्या संघाकडे गेला. एवढी मोठी शिक्षा! तरी त्यानं त्याच सामन्यात पुन्हा फेकला. जॅक श्नायडरनं झेलला, टचडाउन, म्हणजे चेंडू थेट समोरच्यांच्या गोलरेषेपार. हंगामाचा हिशेब: ११ सामने, ११ विजय, गुण ४०७ विरुद्ध ११. आयोवाला तर ३९–०.

'खिजगणतीत नसलेलं कॉलेज'? नोटर डेमनं १९०९ मध्येच मिशिगनला ११–३ हरवलं होतं.

डोराइस-रॉकनींची मेहनत मात्र अस्सल. १९१३ च्या उन्हाळ्यात ओहायोतल्या सीडर पॉइंट या पर्यटनस्थळी काम करता करता लेक एरीच्या वाळूत दोघांनी पासचा सराव घोटला. १९१२ मध्ये पास किती लांब फेकायचा यावरची २० यार्डांची मर्यादा उठली होती, चेंडूही सडपातळ झाला होता. त्याचा पुरेपूर फायदा घेत डोराइसनं आर्मीविरुद्ध पास फेकून संघाला सुमारे २४० यार्डांची आगेकूच मिळवून दिली, आणि तीही पूर्वेकडच्या वर्तमानपत्रांसमोर. सेंट लुईसचे सामने त्यांनी पाहिलेच नव्हते. रॉकनीनं स्वतः पुढे सेंट लुईसच्या त्या संघाला श्रेय दिलं आणि लिहिलं, की पूर्वेला पश्चिमेकडच्या फुटबॉलची फारशी फिकीरच नव्हती.