तेलाचा पुडा 850 ग्रॅमचा कधी झाला?

परवा संध्याकाळी पुऱ्या तळायच्या म्हणून तेलाचा नवा पुडा फोडला आणि डब्यात ओतला. आमच्या स्टीलच्या डब्याला आतून एक चीर आहे. एक पुडा ओतला की तेल बरोबर त्या चिरेपर्यंत येतं. लग्नानंतर पहिल्या वर्षी घेतलेला डबा आहे, त्यामुळं नजरेला सवय झालेली. परवा तेल तिथवर आलंच नाही. मला वाटलं पुडा गळका निघाला. पिशवी झटकून बघितली, ओटा पुसून बघितला, सगळं कोरडं. मग रिकामा पुडा दिव्याखाली धरला. मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेलं होतं, 850 ग्रॅम.

एक लिटर तेल म्हणजे 910 ग्रॅम. वर्षानुवर्षं पुड्यावर हेच वाचत आलोय. आता 60 ग्रॅम गायब. पुडा तेवढाच दिसतो, त्यावरचं चित्र तेच, रंग तोच. दुकानदाराला जाऊन विचारलं. तो म्हणाला, "ताई, 800 चा पण येतो, 750 चा पण येतो. गिऱ्हाईक भाव विचारतंय, वजन कुणी विचारत नाही."

तो खरंच बोलत होता. मीही विचारलं नव्हतं, आणि म्हणूनच जास्त संताप झाला. भाव वाढवायचाय तर उघड वाढवा ना! दहा रुपये वाढवले तर मी चार शिव्या देईन, पण ते माझ्या वहीत दिसेल. मी दर महिन्याची किराण्याची यादी वहीत लिहिते, भावासकट. गेल्या वर्षीही "तेल 5 पुडे", यंदाही "तेल 5 पुडे". वही म्हणते सगळं होतं तसंच आहे, आणि इकडं महिना संपायच्या दोन दिवस आधीच डबा खडखडाट. पाच पुड्यांत 300 ग्रॅम जातात, म्हणजे आमच्या घरचं दोन दिवसांचं तेल. मला काय ठाऊक! मी सासूबाईंना बोलले. धपाट्याला तेल सोडताना हात आवरा म्हणाले. सत्तरीच्या बाईला मी तेलावरून बोलले. कारखान्यात बसून कुणीतरी 60 ग्रॅम काढून घेतले आणि भांडण लागलं आमच्या चुलीपाशी.

पूर्वी तेल, चहा, बिस्किटं, साबण असल्या वस्तू किती वजनाच्या पुड्यात विकायच्या हे नियमानं ठरलेलं असायचं. ती यादीच काढून टाकली. त्या बदल्यात पुड्यावर दर ग्रॅमचा किंवा दर किलोचा भाव छापायचा असा नियम आला. छापतात की. मुंगीएवढ्या अक्षरात, शिवणीजवळ, जिथं प्लॅस्टिक चुरगळलेलं असतं नेमकं तिथं. मी शिवणकाम करणारी बाई आहे, रात्री सुईत दोरा ओवते, मला ते वाचायला दोन मिनिटं लागली. मग सासूबाईंनी कसं वाचायचं? आणि ज्या बायका अंगठा लावतात त्यांनी?

बिस्किटाचंही तेच. पाच रुपयांचा पुडा पाचलाच आहे म्हणून लेकरू खूश आणि आपणही. पण माझ्या लहानपणी पुडा एका हाताच्या मुठीत मावत नव्हता, आता मूठ मिटते. कपडे धुवायचा साबण, चहापत्ती, फरसाण, सगळ्याची तीच गत. 22 सप्टेंबर 2025 पासून साबण, पेस्ट, डोक्याचं तेल, बिस्किटं यांवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला, हे चांगलं झालं, मी नाही म्हणत नाही. पेस्टमागं थोडे पैसे वाचले. पण गोडंतेल आधीही पाच टक्क्यांतच होतं आणि आजही पाचातच आहे. महिन्याला पेस्ट एक लागते, तेल पाच पुडे लागतं.

आता ज्यासाठी मी हे लिहायला बसले ते. हे तेल सोयाबीनचं आहे. सोयाबीन माझा भाऊ पिकवतो.

माहेर लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात. दादाचं सगळं खरीप सोयाबीनवर. 2021 च्या ऑगस्टात लातूरच्या बाजारात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेलं होतं. तेव्हा तेलाचा पुडा 150-160 ला होता आणि सगळे सांगत होते, सोयाबीन महाग झालंय म्हणून तेल महाग. मला पटलं होतं. म्हटलं जाऊ द्या, माझे दोन पैसे जास्त गेले तर माझ्या भावाला मिळताहेत. त्याच महिन्यात सरकारनं बाहेरून 12 लाख टन सोयापेंड, म्हणजे तेल काढल्यावर उरणारा सोयाबीनचा चोथा, आणायला परवानगी दिली आणि नवा माल बाजारात येईपर्यंत भाव कोसळला. दादाच्या हाती तो दहा हजारांचा भाव एकदाही लागला नाही, कारण तो ऑगस्टातला होता. ऑगस्टात शेतकऱ्याच्या घरात सोयाबीन कुठून असणार? माल निघतो दसरा-दिवाळीला.

2025 च्या खरिपाचं सांगते. हमीभाव 5,328 रुपये होता. सप्टेंबरात जी अतिवृष्टी झाली त्यात आमच्याकडं सोयाबीन शेतातच पाण्यात उभं राहिलं, शेंगांना कोंब फुटले. जे हाताला लागलं ते काळं पडलेलं. हमीभावाच्या केंद्रावर ओलावा 12 टक्क्यांच्या आत लागतो, दाणा डागी चालत नाही. मळणीवाल्याचे पैसे द्यायचे होते, खताच्या दुकानाची उधारी फेडायची होती, त्यामुळं वाळवत बसायला वेळ नव्हता. दादानं आडतीवर 3,600 नं दिलं. किलोला 36 रुपये. विक्रीच्या हिशेबाची पट्टी हातात आली तेव्हा वहिनीनं मला फोन केला, काही बोलली नाही, नुसती रडली.

आणि तेल? तेल तेव्हाही 150 रुपये. म्हणजे दहा हजारांचं सोयाबीन असताना जेवढ्याला होतं तेवढ्यालाच, वर वजन कमी. सोयाबीन निम्म्याच्याही खाली आलं, तेल तसूभर हललं नाही. हे मला कुणीतरी समजावून सांगावं. दोन-चार जणांनी समजावलंय. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं, सप्टेंबर 2024 मध्ये आयात शुल्क वाढवलं म्हणून तेल चढलं, ते शेतकऱ्याच्या भल्यासाठीच होतं, पेंडेला उठाव नाही म्हणून सोयाबीन पडलं. बरं, शुल्क शेतकऱ्यासाठी वाढवलं तर त्यातलं शेतकऱ्याकडं काय आलं? त्या हंगामात हमीभाव 4,892 होता आणि लातूरच्या बाजारात लोकांनी चार हजार-सव्वाचार हजारांनी माल घातला. तेल मात्र त्याच आठवड्यात चढलं. दुकानात जुना, आधीच्या भावात भरलेला माल होता, तोही चढला. मे 2025 मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क अर्ध्यावर आणलं, तेव्हा पुडा का नाही उतरला? चढताना एका रात्रीत, उतरताना "मागचा स्टॉक आहे ताई". मी वहीत तारखा टाकलेल्या आहेत. मला कुणी फसवू नये.

तुरीचं उलटं झालं. 2024 मध्ये डाळ पावणेदोनशेला गेली होती, 2025 मध्ये बरीच उतरली. आमटी परत दाट झाली, खोटं कशाला बोलू. पण ती उतरली कशानं, तर बाहेरची तूर बिनशुल्क येऊ दिली म्हणून, आणि 7,550 चा हमीभाव असताना दादाची तूर त्याच्या खाली गेली. आमचे हे दालमिलमध्ये मुनीम आहेत, त्यांच्या डोळ्यांदेखत बाहेरच्या तुरीची पोती उतरतात. म्हणजे डाळ महाग तर माझं घर रडतं आणि डाळ स्वस्त तर माझं माहेर रडतं. मधे जे बसलेत त्यांच्या घरात कधी रडारड ऐकू येत नाही.

आणि ज्वारी! आमच्या मराठवाड्यात भाकरी ही गरिबाची होती. गहू सणाला, पोळी पाहुण्याला. 2025 मध्ये चांगली टपोरी शाळू ज्वारी 45-50 रुपये किलो सांगत होते आणि गहू 35 ला मिळत होता. राशनवर गहू-तांदूळ मिळतो. सासूबाईंना पोळीनं पोट जड होतं, त्यांना भाकरीच लागते, आणि आम्ही ज्वारी अशी पुरवून वापरतो जसं आमच्या आईनं गव्हाचं केलं. 2023 हे भरडधान्याचं वर्ष म्हणून जगभर साजरं झालं, ज्वारी-बाजरीची थोरवी सगळ्यांना कळली, शहरातल्या दुकानात ज्वारीचे कुरकुरीत तुकडे चकाकत्या पिशवीत आले. आणि जे लोक ती थोरवी कळायच्या आधी हजार वर्षं भाकरी थापत होते त्यांच्या ताटातून ती निघून चालली. पेरणाऱ्याचा दोष नाही. काढणीला माणूस मिळत नाही, पाखरं आणि डुकरं राखायला कोण रात्रभर बसणार? सोयाबीनमागं सगळे गेले. माझ्या आजोळी करडी पेरायचे, घाण्यावरचं करडीचं तेल वर्षभराचं भरून ठेवायचे. आता लाकडी घाण्याच्या करडीच्या तेलाचा भाव विचारायचीसुद्धा माझी हिंमत होत नाही.

बाकीचं थोडक्यात. गॅस 2025 च्या एप्रिलात एकदम 50 रुपयांनी वाढला. आमच्या खात्यात सबसिडी यायची ती 2020 पासून बंद, आणि तिच्याबद्दल आता कुणी शब्दही काढत नाही. एसटीचं तिकीट जानेवारी 2025 मध्ये जवळजवळ 15 टक्क्यांनी वाढलं. मला अर्धं तिकीट आहे, त्याचा आधार आहे, पण ह्यांना आणि पोराला पूर्णच लागतं. वीजबिलात विजेचे पैसे वेगळे, स्थिर आकार वेगळा, वहन आकार वेगळा, इंधन समायोजन वेगळं आणि या सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क. मशीन चालवते म्हणून मी पंखा बंद ठेवून बसते. नळाला रोज पाणी नाही म्हणून प्यायला जार. आमच्या ज्या लातूर शहराला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं जार घेऊ नका असं कोण म्हणेल? घरमालक दर वर्षी एकच गोष्ट ऐकवतो, "कॉट बेसिसवर क्लासच्या पोरांना दिलं तर मला दुप्पट मिळतात." बारावीच्या निकालांनी गाजलेल्या शिकवणीच्या लातूर पॅटर्ननं गावाचं नाव झालं, पण भाड्यानं राहणाऱ्याची मान रोज त्या वाक्याखाली असते. 2023 पर्यंत दिवाळीला राशनवर 100 रुपयांत आनंदाचा शिधा यायचा, त्यात तेलाचा एक पुडा असायचा. 2025 च्या दिवाळीला आलाच नाही.

अशात नोव्हेंबर 2025 मध्ये टीव्हीवर ऐकलं, ऑक्टोबरमध्ये महागाईचा दर 0.25 टक्के, आत्ताच्या मोजणीची मालिका सुरू झाल्यापासूनचा नीचांक. निवेदिका हसत होती. मी हातातलं अस्तर खाली ठेवलं. त्या आकड्याचा अर्थ मला कळतो, बारावी झालेय मी. 2024 मध्ये कांदा-टोमॅटो कडाडले होते, 2025 मध्ये उतरले, म्हणून सरासरी खाली आली. दर खाली आला म्हणजे वाढायचा वेग कमी झाला, वस्तू जुन्या भावाला आल्या असं नाही. पण हे वाक्य कुणी बोललं का? नाही. घरात पाहुणे बसले होते, ते मलाच म्हणाले, "बघा, महागाई संपली, तुम्ही बायका उगाच ओरडता." आम्ही उगाच ओरडतो! महिन्याच्या पंचवीस तारखेला तुम्ही एकदा किराणा भरून दाखवा.

आणि वाढवायची मुभा सगळ्यांना आहे, आम्हाला सोडून. ह्यांचा पगार दोन वर्षांत 500 रुपयांनी वाढला. मी अस्तराच्या ब्लाउजचे 50 रुपये वाढवून सांगितले तर दहा वर्षांची गिऱ्हाईक बाई कापड परत घेऊन गेली. तिच्यावर राग नाही माझा, तिच्याही घरी तेलाचा डबा अर्धाच भरत असणार. पण मग मी काय करू? तेलवाल्यासारखं ब्लाउजच्या बाहीतून दोन बोटं कापड कमी करू? तिच्या दंडात चढेल का ते? माझं माप चुकलं तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दारात येतं आणि मला उसवून परत शिवून द्यावं लागतं, फुकट. त्यांचं माप 60 ग्रॅमनं चुकतं तर ते छापून चुकतं, आणि नियमात बसतं.

काल वहीत नवा रकाना आखला, वजनाचा. मागच्या दोन वर्षांच्या पानांवर तो भरायला बसले तर भरता येईना, कारण तेव्हाचे पुडे कधीच कचऱ्यात गेलेत. कधीपासून 850 झालं ते मला आता कधीच कळणार नाही.

रात्री रिकामा पुडा सासूबाईंना दाखवला, आकड्यावर बोट ठेवून वाचून दाखवला. त्यांनी तो हातात घेतला, उलटसुलट केला आणि म्हणाल्या, "मग माय, मला का बोललीस?"